मुशीचे पर आणि मुंबई बंदर



देवनारला येऊन समुद्राच्या इतिहासावर बोलायचे म्हणजे आरंभीच थोडी कैफियत द्यावी लागते. देवनार म्हटले की मुंबईकराच्या मनात दोन गोष्टी उभ्या राहतात: १९२७ सालापासून साठत आलेला कचऱ्याचा डोंगर, आणि १९७१ साली वांद्र्याहून इथे आलेला कत्तलखाना. त्या डोंगराच्या पलीकडे खाडी आहे, खाडीच्या तोंडाशी बंदर आहे आणि बंदराबाहेर अरबी समुद्र आहे, हे आपण नकाशात पाहतो. मनाला ते पटलेले नसते. तरी आजचा विषय मी इथल्या श्रोत्यांसाठी मुद्दाम निवडला आहे. कारण ज्या घटनेपासून मला सुरुवात करायची आहे ती दूर कोठे घडलेली नाही. इथून चेंबूर आणि वडाळा ओलांडले की लागणाऱ्या शिवडीत ती घडली.

सप्टेंबर २०१८ ची गोष्ट. महसूल गुप्तवार्ता संचालनालयाच्या अधिकाऱ्यांनी शिवडीतील एका गुदामावर छापा घातला. आत सुमारे ३,००० किलो वाळवलेले मुशीचे पर निघाले. त्याच कारवाईत गुजरातेत वेरावळला आणखी ५,००० किलो हाती लागले. चौघांना अटक झाली. माल चीन आणि हाँगकाँगकडे जायचा होता, पण कागदोपत्री त्याची नावे निराळी होती. कोठे पाकटाचे वाळलेले कातडे, कोठे सुके सागरी पदार्थ, तर कोठे माशाच्या पोटातील हवेची पिशवी. एका मुशीमागे अर्धा किलो सुके पर धरले, तरी हा माल सोळा हजार मुश्यांचा होतो. शिवडीला आपण हिवाळ्यात रोहित पक्षी पाहायला जातो, दुर्बिणी घेऊन चिखलापाशी उभे राहतो. त्याच वस्तीतल्या बंद दारांआड सोळा हजार मुश्यांच्या मालातला एवढा वाटा पडून असावा, याची कोणाला गंधवार्ताही नव्हती.

आता मुशी म्हणजे काय, हे निदान शाकाहारी श्रोत्यांसाठी सांगितले पाहिजे. इंग्रजीत जिला शार्क म्हणतात तीच मुंबईच्या बाजारातील मुशी. मालवणाकडे गेलात तर तिला मोरी म्हणतात. सिनेमाने आपल्या डोळ्यांपुढे जो अक्राळविक्राळ जबडा उभा केला आहे तो जरा बाजूला ठेवावा. आपल्या कोळणीच्या पाटीत जी मुशी असते ती बहुधा हातभर लांबीची, मऊ हाडाची, काट्यांचा त्रास नसलेली. तिचे तिखट कालवण कोकणात आवडीने खातात आणि दूध यावे म्हणून बाळंतिणीलाही देतात. तेव्हा मुशी मारणे म्हणजेच गुन्हा, असे समजून कोणी घाबरून जाऊ नये. गुन्हा नेमका कोठे सुरू होतो, हाच तर आजचा प्रश्न आहे, आणि तो वाटतो तितका सोपा नाही.

या माशाच्या पाठीवर, कुशीला आणि शेपटीला जे पंख असतात त्यांना शास्त्रात पर म्हणतात. पर वाळवून, उकळून, सोलून काढला की आत सुईसारख्या पिवळसर तंतूंच्या जुड्या निघतात. चीनमध्ये शतकानुशतके या तंतूंचे सार मेजवानीत वाढले जात आले आहे. गंमत अशी की त्या तंतूंना स्वतःची चव जवळजवळ नसतेच. साराला चव येते ती कोंबडीच्या आणि इतर मांसाच्या रश्शाची. परांना किंमत आहे ती यजमानाच्या ऐपतीची खूण म्हणून. आपल्याकडे लग्नाच्या जेवणावळीत काही पदार्थ खाण्यापेक्षा दाखवण्यासाठीच असतात, तसाच हा प्रकार.

हा व्यापार अलीकडे सुरू झाला असे पुष्कळांना वाटते. तो पावणेदोनशे वर्षांहून जुना आहे, आणि त्याची एक चांगली नोंद मुंबईच्याच एका पत्रकाराने ठेवली आहे. डॉ. जॉर्ज ब्यूइस्ट हे १८४० च्या सुमारास ‘बॉम्बे टाइम्स’चे संपादक म्हणून मुंबईत आले. गृहस्थ हौशी शास्त्रज्ञ होते. भूगर्भ, हवामान, भरती-ओहोटी, कशातही त्यांना रस असे. १८५० साली लंडनच्या प्राणिशास्त्रीय मंडळाच्या वृत्तांतात कराचीच्या मुशीच्या मासेमारीवर त्यांचे टिपण छापून आले. कराची कोठे आणि मुंबई कोठे, असे म्हणू नका. सिंध प्रांत १८४७ पासून मुंबई इलाख्यात होता. ब्यूइस्ट सांगतात की, कराचीला तेरा मोठ्या होड्या, प्रत्येकीवर बारा माणसे, या एकाच कामात कायमच्या गुंतलेल्या होत्या. नुसत्या परांचेच वर्षाला पंधरा ते अठरा हजार रुपये होत. कधी एका खेपेला शंभर मुश्या सापडत, तर कधी आठवडे किंवा महिनाभर एकही नाही.

या टिपणातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग आकड्यांचा नाही. ब्यूइस्ट तक्रार करतात की कोळी आपण किती मुश्या धरल्या हे सांगायला मुळीच राजी नसतात, कारण असली चौकशी सरकार कर बसवण्यासाठीच करते, अशी त्यांची पक्की समजूत. त्यांची समजूत चुकीची होती असे म्हणवत नाही. ज्याने चौकशी केली त्याने पुढे काही ना काही लादले, हाच किनाऱ्यावरच्या माणसाचा अनुभव. परंतु त्या मौनाचा फायदा कोळ्यापेक्षा त्याच्यामागच्या व्यापाऱ्याला अधिक झाला. समुद्रातून काय निघाले याचा हिशेब कोठेच लागत नसेल, तर बंदरातून काय बाहेर गेले याचाही लावता येत नाही.

त्याच टिपणात ‘म्होर’ नावाच्या एका प्रचंड माशाचे वर्णन आहे. चाळीस, क्वचित साठ फूट लांब, पाण्याच्या पृष्ठावर झोपल्यासारखा तरंगणारा. त्याला आठ फुटी भाल्याने भोसकून, दमेपर्यंत पळू देऊन, मग अनेक होड्यांनी ओढत किनाऱ्याला आणत. नाव आपल्या मोरीच्या फार जवळचे वाटते. वर्णन तर आज आपण जिला व्हेल शार्क म्हणतो तिच्याशी पुष्कळ जुळते. हा मासा आकाराने सर्व माशांत मोठा आणि स्वभावाने गाईपेक्षा गरीब. समुद्रातले सूक्ष्म जीव गाळून खातो. त्याची पुढची कथा आपल्याला थोड्या वेळाने लागणार आहे.

मधल्या शंभर वर्षांत कायदा काय करीत होता? १८९७ साली हिंदुस्थानात मत्स्यव्यवसायाचा कायदा झाला. त्याने पाण्यात सुरुंग उडवण्यास आणि विष कालवण्यास मनाई केली. हे चांगलेच झाले. पण अमुक एक मासा दुर्मिळ आहे, तो धरू नये, ही कल्पना त्या काळी कोणाच्या मनात नव्हती. समुद्र अथांग आहे आणि मासा म्हणजे धान्यासारखे पीक आहे, हाच सार्वत्रिक समज होता. उलट दुसऱ्या महायुद्धात नॉर्वेकडचे कॉड माशाचे तेल येईनासे झाले, तेव्हा सरकारांनीच मुशीच्या यकृताचे तेल काढण्याचे काम हाती घेतले. मुंबई सरकारही त्यात होते. त्या तेलात ‘अ’ जीवनसत्त्व भरपूर असते. त्या पिढीतील किती मुलांनी नाक दाबून ते चमचे गिळले असतील! पुढे ‘अ’ जीवनसत्त्व कारखान्यात तयार होऊ लागले आणि ती मागणी आपोआप ओसरली. पराला मात्र कारखान्यात तयार झालेला पर्याय मानाच्या पंगतीत चालत नव्हता.

स्वातंत्र्यानंतर होड्यांना यंत्रे बसली, मग ट्रॉलर आले, नायलॉनची जाळी आली, बर्फ आला. मुशीचे शरीरशास्त्र मात्र जुनेच राहिले. बांगडा किंवा सुरमई लाखांनी अंडी घालते. मोठ्या जातीच्या मुशीला वयात यायलाच कित्येक वर्षे लागतात, गर्भ नऊ-दहा महिने, काही जातींत वर्षभर वाढतो आणि पिले होतात ती मोजकी. या बाबतीत मुशी माशापेक्षा हत्तीला जवळची आहे. हातभर लांबीची छोटी मुशी लवकर वाढते म्हणून पाटीत अजून दिसते. पण लांब करवतीच्या सोंडेचा करवत मासा आज आपल्या किनाऱ्यावर सापडला तर वर्तमानपत्रात बातमी येते.

आपल्याकडे आणखी एक घोटाळा आहे. परदेशांत काही ठिकाणी पर कापून जिवंत मुशी समुद्रात फेकून देतात, त्या क्रौर्याची चित्रे आपण पाहिलेली असतात. भारतात तसे सहसा होत नाही, कारण इथे मुशीचे मांसही विकले जाते. ती अखंड धक्क्यावर येते. पर कापला जातो तो किनाऱ्यावर, दलालाच्या सुरीने. म्हणजे होडीवर जे उतरते ते अन्न, आणि वखारीत जे राहते ते चोरटे धन. एकाच माशाचे हे दोन भाग दोन वेगळ्या वाटांनी जातात आणि त्यांची गाठ पुन्हा पडत नाही.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात वाघ-सिंह आले, समुद्री कासवे आली. मुशीला स्थान नव्हते. महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमनाचा कायदा १९८१ चा. तो मुख्यतः ट्रॉलरवाल्यांनी कोठे यावे आणि कोठे येऊ नये, याच भांडणातून जन्मला. अशा मोकळ्या रानात सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर व्हेल शार्कची शिकार वाढली. तिथले कोळी तिला ‘बॅरल’ म्हणत, कारण आकडा रुतवून त्याला रिकामी पिंपे बांधत. पिंपे ओढून ओढून ती थकली की किनाऱ्याला आणत. पूर्वी तिच्या यकृताचे तेल होड्यांच्या लाकडाला चोळण्यापुरते लागे. १९९० नंतरच्या दशकात तैवानकडून मांसाला मागणी आली आणि शिकारीचा धंदा झाला. माईक पांडे यांनी या संहारावर ‘शोअर्स ऑफ सायलेन्स’ हा चित्रपट काढला आणि लोकांचे डोळे उघडले. मे २००१ मध्ये व्हेल शार्कला कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घालण्यात आले. भारतात कायद्याचे संरक्षण मिळालेला हा पहिला मासा.

यानंतर जे झाले त्यातून सरकारी उत्साहाची आणि सरकारी घाईचीही ओळख पटते. जुलै २००१ मध्ये केंद्र सरकारने झाडून साऱ्या मुश्या आणि पाकटे पहिल्या अनुसूचीत टाकली. वाघाच्या पंक्तीला! म्हणजे आपल्या पाटीतली हातभर मुशी विकणारी कोळीण आणि वाघाचे कातडे विकणारा चोर एकाच कलमाखाली आले. किनाऱ्यावर ओरड झाली. कन्याकुमारी जिल्ह्यातील तूत्तूरचे कोळी तर पिढ्यान् पिढ्या खोल समुद्रात मुशीच धरत आलेले; त्यांचा संसारच बेकायदा ठरला. डिसेंबरमध्ये सरकारने पाऊल मागे घेतले आणि यादी दहा जातींवर आणली. त्यात व्हेल शार्क, करवत मासे आणि काही दुर्मिळ मुश्या व पाकटे राहिली. पाच महिन्यांत सर्व आणि मग दहा. मधला विचार करायला कोणाला सवड मिळाली नसावी.

पुढचे टप्पे मी भरभर सांगतो. ऑगस्ट २०१३ मध्ये पर्यावरण मंत्रालयाने धोरण ठरवले की मुशी किनाऱ्याला आणताना पर अंगाला जोडलेले असले पाहिजेत. फेब्रुवारी २०१५ मध्ये मुशीच्या परांची निर्यातच बंद करण्यात आली. तिकडे चीन सरकारने २०१२ मध्ये जाहीर केले की सरकारी मेजवान्यांतून हे सार हद्दपार करू. मागणीला ओहोटी लागली, पण ती थांबली नाही. वन्यजीवांच्या व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पनामा येथील बैठकीत, २०२२ मध्ये, मुश्यांचे एक मोठे कुळच्या कुळ नियंत्रणाखाली आले. त्याच वर्षी आपला वन्यजीव कायदाही दुरुस्त झाला, आणि या कराराच्या याद्यांना त्यात स्वतंत्र अनुसूची मिळाली.

आता शिवडीच्या गुदामाकडे परत वळू. २०१८ मध्ये अशा मालाला कायद्याने दोन निरनिराळी रूपे होती. त्यातला एखादा पर व्हेल शार्कचा ठरला तर तो वन्यजीवाविरुद्धचा गंभीर गुन्हा, आणि शिक्षा वर्षांच्या कैदेची. तोच पर यादीबाहेरच्या मुशीचा असेल तर मासा धरणे कायदेशीर, कापणे कायदेशीर, वाळवणे आणि साठवणेही कायदेशीर. फक्त परदेशी पाठवणे बेकायदा. म्हणजे सीमाशुल्काचे प्रकरण. मग कोणता पर कोणाचा, हे ठरवायचे कसे? ताज्या मुशीचे तोंड पाहून कोळीण क्षणात जात सांगेल. वाळून, आक्रसून, पोत्यात भरलेल्या पराला तोंड नसते. जाणकार शास्त्रज्ञ आकार आणि रंगाच्या खुणांवरून काही जाती ओळखतात, बाकीच्यांसाठी जनुकांची तपासणी करावी लागते. बंदरावरच्या अधिकाऱ्यापुढे रोज शेकडो पेट्यांचे कागद येतात, आणि कागदावर लिहिलेले असते ‘सुके सागरी पदार्थ’. हे नावही साफ खोटे नव्हते, यातच त्याची खुबी आहे. खोट्या नावांतले तिसरे आठवा: माशाच्या पोटातील हवेची पिशवी. आपल्या घोळ माशाच्या या पिशवीला पूर्वेकडे सोन्याचा भाव येतो. २०२१ साली पालघरच्या मुरबे गावच्या एका होडीला घोळीचा थवा सापडला आणि लिलावात सव्वा कोटीच्या वर रक्कम आली. ती विक्री सर्वस्वी कायदेशीर होती. चोरटा माल नेहमी अशा सरळ मालाचे नाव घेऊन प्रवास करतो.

२०१० ते २०२२ या तेरा वर्षांत देशभरात जप्त झालेल्या मुशीच्या परांची बेरीज ट्रॅफिक आणि डब्ल्यूडब्ल्यूएफ-इंडिया या संस्थांनी केली आहे. ती सुमारे १६,००० किलो भरते. शिवडी-वेरावळचा आकडा तिच्याशेजारी ठेवून पाहा. तेरा वर्षांच्या जप्तीचा निम्मा माल एका कारवाईत! याचा अर्थ ती कारवाई मोठी होती, हे खरेच; पण तेरा वर्षांत अशी दुसरी किती गुदामे उघडायची राहिली असतील, हा विचार मला अधिक अस्वस्थ करतो. आपल्या देवनारच्या कत्तलखान्यात जनावर आत येताना पशुवैद्य तपासतो आणि मांस बाहेर जाताना पुन्हा तपासतो. त्या व्यवस्थेला कोणी काही नावे ठेवो, तिथे हिशेब आहे. ससून डॉकवर मुशीच्या बाबतीत असा दाखला नाही. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेची माणसे काही धक्क्यांवर, काही दिवशी, नमुन्यादाखल नोंद घेतात आणि त्यावरून वर्षाचा अंदाज बांधतात. शास्त्राला तेवढे पुरते. पण कोणत्या दलालाने किती पर उचलले, हे त्यातून कळावे तरी कसे?

माझे मत विचाराल तर ही लढाई होडीवर जिंकता येणार नाही. होडीवाला जाळे टाकतो तेव्हा त्यात काय येणार हे त्याच्या हातात नसते. पर विकत घेणारे हात थोडे, गुदामे मोजकी आणि निर्यातीचे दरवाजे त्याहून मोजके. शिवडी, न्हावा-शेवा, विमानतळ. पहारा तिथे हवा. आणि होडीवाल्याला आरोपीच्या पिंजऱ्यातून काढून साक्षीदार केले पाहिजे. हे स्वप्नरंजन नव्हे, कारण एकदा ते घडले आहे.

ज्या सौराष्ट्रात ‘बॅरल’ मारली जात होती तिथेच २००४ साली वाइल्डलाइफ ट्रस्ट ऑफ इंडिया, गुजरातचे वनखाते आणि टाटा केमिकल्स यांनी एक मोहीम उघडली. कायद्याची कलमे वाचून दाखवण्याऐवजी त्यांनी कथाकार मोरारीबापूंना किनाऱ्यावर बोलावले. बापूंनी कोळ्यांना सांगितले की ही मासोळी म्हणजे बाळंतपणाला माहेरी आलेली लेक आहे; माहेरी आलेल्या लेकीला कोणी मारते का? तिचे नाव ‘व्हाली’, म्हणजे लाडकी, असे ठरले. शास्त्रज्ञ म्हणतील की ती तिथे खरोखर प्रसूतीसाठीच येते की नाही, हे सिद्ध व्हायचे आहे. ते म्हणोत. कोळ्यांनी आपली जाळी स्वतः कापून तिला सोडायला सुरुवात केली, पुढे सरकार जाळ्याची नुकसानभरपाई देऊ लागले, आणि आजवर नऊशेंहून अधिक व्हेल शार्क अशा रीतीने जिवंत समुद्रात परतल्या आहेत. ज्या हातांनी पिंपे बांधली त्यांतल्याच काही हातांनी दोर कापले असतील.

महाराष्ट्रानेही डिसेंबर २०१८ पासून, म्हणजे शिवडीच्या छाप्यानंतर तीनच महिन्यांनी, अशी योजना सुरू केली. संरक्षित प्राणी जाळ्यात आला आणि कोळ्याने जाळे कापून तो सोडला, तर वनखात्याच्या कांदळवन कक्षामार्फत २५,००० रुपयांपर्यंत भरपाई मिळते. पुरावा म्हणून सुटकेचे छायाचित्र किंवा चलच्चित्र द्यावे लागते. कोकणातल्या होड्यांवरून अशी चित्रे येऊ लागली आहेत: काळोख्या पाण्यावर एक बॅटरी, कोणीतरी ओरडते आहे, सुरी चालते आहे, आणि ठिपक्यांची भलीमोठी पाठ हळूच खाली सरकते आहे. ब्यूइस्टच्या वेळचा कोळी आपण काय धरले हे सांगत नव्हता. त्याचा वारस आज आपण काय सोडले हे मोबाइलवर टिपून सरकारला पाठवतो. मात्र भरपाईची कमाल मर्यादा पंचवीस हजार आहे आणि मोठ्या जाळ्याची किंमत लाखांत जाते. अर्ज, पंचनामा, बँकेचा क्रमांक, हे सारे होऊन पैसे हाती येईपर्यंत ती होडी फाटक्या जाळ्यावर किती दिवस थांबू शकते, याचा हिशेब ज्याने त्याने मनाशी मांडून पाहावा.